कॅन्सर रिसर्चसाठी बडोद्यातली सायकल राइड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या राइडबद्दल रोज दहा-बारा मेसेज येतायत आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मंडळींनी आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही.

बाईक राइड म्हणजे मोटरसायकल घेऊन यायचं का?

नाही, सायकल. आपल्याकडे बाईक म्हटलं की सगळ्यांना मोटरसायकलच आठवते, मागच्या वेळी दोन मुलं खरंच हेल्मेट-जॅकेट घालून मोटरसायकलवर आली होती. त्यांना आम्ही परत नाही पाठवलं, एक जण पंक्चर किट घेऊन सगळ्यात मागे राहिला आणि दुसऱ्याने दिवसभर पाण्याचे जार पोचवले. तर सायकल चालवणं शक्य नसेल आणि गाडी असेल तरी या, काम खूप असतं.

कधी आहे, कुठून निघायचं, किती किलोमीटर?

फेब्रुवारीचा पहिला रविवार. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन, त्याच्या जवळचा रविवार म्हणून तो धरलाय, शिवाय थंडी पूर्ण गेलेली नसते आणि ऊनही तापलेलं नसतं. सकाळी ६ ला कमाटीबागेच्या गेटवर जमायचं, ६:३० ला सायकली निघणार.

दोन रूट आहेत. छोटा म्हणजे आजवा रोडने आजवा चोकडी (चोकडी म्हणजे चौक), तिथून पुढे आजवा तलाव आणि त्याच रस्त्याने परत, जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर. मोठा गोल्डन चोकडीवरून हालोल रोडने चांपानेरपर्यंत, तो जाऊन-येऊन १०० च्या आसपास पडतो. पावागड वर चढायचा नाहीये, जामा मशिदीपाशी थांबून, फोटो काढून, पाणी पिऊन परत फिरायचं. ज्यांना ४५ सुद्धा जास्त वाटतात त्यांनी आजवा चोकडीला पोचून मागे फिरावं, तेही राइडमध्येच धरतो. चोकडीवर पाण्याचं टेबल असेल तिथे नाव सांगून मगच वळा, नाहीतर आम्ही शोधत बसतो.

आजव्याला सयाजीरावांच्या काळातला तलाव आहे, बघायला फार सुंदर आहे, पण हातपाय धुवायला काठाशी उतरू नका, पाण्यात मगरी आहेत.

पादरा गावाकडून गंभीरा पुलावरून बोरसदला का नेत नाही? तो रस्ता छान होता.

तो पूल ९ जुलै २०२५ ला सकाळी कोसळला, माणसं गेली त्यात. मही नदीपलीकडे चरोतरात तंबाखूची शेतं आहेत, फेब्रुवारीत पानं वाळत घातलेली दिसतात, आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी निघालेल्या राइडने ती शेतं बघत जावं असं मलाही फार वाटायचं. पण आता महीवरच्या दुसऱ्या पुलांवर ट्रॅफिक इतकं वाढलंय की तिथे पन्नास सायकली नेणं मला पटत नाही.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, होऊन तीनच आठवडे झालेले असतात, दोरीची भीती नाही का?

आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल खरंच बरं वाटलं. झाडावर, खांबांवर, वायरींवर मांजा महिनाभर लटकत राहतो आणि सायकलवर गळा नेमका त्याच उंचीला येतो. म्हणून हेल्मेटसारखंच गळ्याला काहीतरी बांधणं कम्पल्सरी आहे, जाड रुमाल, मफलर, बफ काहीही चालेल पण दोन वेढे बसले पाहिजेत. आदल्या दिवशी आमच्यातले चार जण पूर्ण रूटवर जाऊन खालपर्यंत आलेली दोरी कापून येतात. तुम्हाला वाटेत दिसली तर ओढू नका, थांबा, मागच्यांना हात दाखवा आणि कात्रीवाल्याला बोलवा.

पैसे रिसर्चला का? एखाद्या गरीब पेशंटला दिले तर लगेच उपयोग होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. पेशंटला मदत पाहिजेच, आमच्यातले बरेच जण वर्षभर ती वेगळी करतातही. पण ही राइड रिसर्चसाठी का, ते मी घरातली गोष्ट सांगून सांगते.

माझे काका तीस वर्षं मावा खायचे. बडोद्यात मावा काय असतो हे कोणाला सांगायला नको, सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घासायचा. त्यांच्या जिभेच्या कडेला चट्टा आला, बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले की जिभेचा भाग काढू आणि त्याच वेळी गळ्यातल्या गाठीही काढू. काकूंनी विचारलं, अहो रोग जिभेवर आहे, गळ्यात तर काही लागत नाही हाताला, मग गळा कशाला कापायचा? आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटत होतं, बिल वाढवायला सांगतायत की काय असंही कोणीतरी हळूच म्हणालं.

उत्तर असं होतं की हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनाही कित्येक वर्षं पडलेला होता. सुरुवातीच्या स्टेजचा तोंडाचा कॅन्सर आहे आणि गळ्यात गाठ लागत नाहीये, तर गाठी आधीच काढाव्या की पुढे वाढल्या तर काढाव्या? दोन्ही पद्धती चालू होत्या, नक्की कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने २००४ पासून २०१४ पर्यंत, दहा वर्षं, पेशंट दोन गटांत घेऊन अभ्यास केला. २०१५ ला रिझल्ट छापून आला, तीन वर्षांनी आधीच गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते आणि वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे शंभरातली बारा-तेरा माणसं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, ऑपरेशन कधी करायचं एवढंच नक्की कळलं.

काकांच्या काढलेल्या गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला, हाताला न लागणारी गाठ होती ती. आज ते आहेत. ज्या पेशंटनी २००४ ला त्या अभ्यासात नाव दिलं, ज्या कोणी त्याचा खर्च उचलला, त्यांना आमचे काका माहीतही नाहीत. एका पेशंटला दिलेले पैसे त्या पेशंटला लागतात, ते मोठंच काम आहे, आणि अशा अभ्यासाला दिलेले पैसे पुढच्या सगळ्या काकांना लागतात.

पण रिसर्चला तर औषध कंपन्या पैसे देतातच की?

ज्यातून विकायला काही निघतं त्याला देतात. आता हे बघा, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीच्या आजूबाजूला साधं भूल देण्याचं लिडोकेनचं इंजेक्शन दिलं तर फरक पडतो का, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि टाटा मेमोरियलच्या टीमने भारतातल्या ११ सेंटरमध्ये साधारण १६०० बायकांवर तपासलं आणि २०२३ ला ते छापून आलं. पाच वर्षांनी रोग परत न आलेल्या बायका ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेल्या. लिडोकेन दाताच्या दवाखान्यातसुद्धा असतं, स्वस्त असतं, त्यातून कोणाला नफा होणार नाही, मग कुठली कंपनी दहा वर्षं त्याच्या मागे खर्च करेल?

तसंच गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास होता, दहावी शिकलेल्या मुलींना चार आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन व्हिनेगरसारख्या पातळ ॲसिडने तपासणी करायला शिकवलं, आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ ला रिझल्ट आला. असल्या कामाला सरकारचा आणि तुमचा-आमचाच पैसा लागतो.

महागडं आणि अवघड कामही इथे होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून ब्लड कॅन्सरसाठी आपल्या देशातली पहिली कार-टी सेल थेरपी, म्हणजे पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरशी लढायला परत सोडायची ट्रीटमेंट, तयार केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

सायकलचा आणि कॅन्सरचा संबंध काय?

सायकल चालवल्याने कोणाचा कॅन्सर बरा होत नाही, तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. सायकल हे मागायचं निमित्त आहे. नुसतं "पैसे द्या" म्हटलं की माणूस बघू म्हणतो, पण "काकू, मी तुमच्यासाठी चांपानेरपर्यंत सायकल मारणार आहे, प्रत्येक किलोमीटरला पाच रुपये द्याल का" म्हटलं की काकू हिशोब करायला लागतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने, त्याची आई कॅन्सरने गेली होती, १९८० मध्ये ३६ जणांना घेऊन अशीच राइड काढली आणि दहा हजार डॉलरच्या थोडं वर जमवले. ती पॅन-मास चॅलेंज आजही चालू आहे आणि आतापर्यंत एक अब्ज डॉलरच्या वर पैसे तिथल्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला गेलेत. आपण ३६ पेक्षा जास्तच आहोत.

पैसे कोणाच्या खात्यात जातात? तुमच्या?

आमच्यापैकी कोणाच्याही खात्यात एक रुपया घ्यायचा नाही हा पहिला नियम आहे. यामागे कारण आहे, काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर राइड केली होती, सगळे पैसे एका माणसाच्या यूपीआयवर घेतले, नंतर हिशोब मागितला तर आज देतो उद्या देतो करत शेवटपर्यंत आलाच नाही. माझ्या शब्दावर ज्या बेनने ५०० दिले होते तिला मी आजही नीट उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून आता देणारा स्वतः थेट संस्थेला ऑनलाइन देतो, पावती त्याच्याच नावाने येते, आणि तो तुम्हाला फक्त पावतीचा फोटो पाठवतो. तुम्ही आमच्या शीटमध्ये रक्कम भरायची, देणाऱ्याचं नाव नको. शीट सगळ्यांना उघडी आहे. आम्ही टाटा मेमोरियल सुचवतो, १९४१ पासूनची संस्था आहे, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, खारघरला त्यांचं वेगळं रिसर्च सेंटर आहे. दुसरीकडे द्यायचं असेल तरी चालेल. कुठेही द्या, देणगी संशोधनासाठी आहे हे देतानाच लेखी कळवा, कारण बऱ्याच संस्थांमध्ये पेशंटच्या उपचारांचा फंड आणि रिसर्चचा फंड वेगवेगळा असतो.

एन्ट्री फी ३०० रुपये आहे, ती वेगळी. त्यातून केळी, पाणी, ओआरएस, ॲम्ब्युलन्स आणि मागून येणारा टेम्पो एवढंच होतं. उरले तर पुढच्या वर्षीच्या पाण्यात धरतो.

टॅक्समध्ये सूट मिळते का?

८०जी वाल्या, म्हणजे देणगीवर टॅक्सची सूट मिळते अशा नोंदणीच्या संस्थेला दिलं आणि तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर मिळते, नव्या पद्धतीत नाही मिळत. रोख २००० च्या वर दिलं तर त्याची सूट नाही, म्हणून ऑनलाइनच द्या. पॅन नंबर बरोबर टाका. तीनशे रुपये फीला सूट नाही, ती देणगी नाहीये.

आमचा मुलगा अमेरिकेत आहे, तो देऊ शकतो का?

अर्धं बडोदं तिकडे आहे त्यामुळे हे विचारणारे खूप. मुलाचा पासपोर्ट अजून भारताचा असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती परदेशी देणगी होते आणि तशी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेलाच, तिच्या त्याच ठराविक खात्यात देता येते. त्याने आधी संस्थेला ईमेल करून विचारावं. "आई, तुझ्या खात्यात टाकतो, तू दे" असला शॉर्टकट नको.

मला पैसे मागायला फार संकोच वाटतो.

सगळ्यांनाच वाटतो. मला जे जमलं ते सांगते. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला कोणी उत्तर देत नाही, एकेकाला वेगळा मेसेज करा, नाव घेऊन, आणि छोटा. माझा असा होता: "मावशी, रविवारी काकांसाठी आजव्यापर्यंत सायकल चालवणार आहे, ४५ किलोमीटर. तोंडाच्या कॅन्सरच्या रिसर्चसाठी २०० रुपये दिलेस तर मला बळ येईल. लिंक खाली आहे, पावती तुझ्या नावाने येईल." मावशीने १००० दिले आणि तिच्या भिशीतल्या सहा जणींना पाठवला. कोणी नाही म्हटलं तर परत विचारू नका. ज्या घरात सध्या आजारपण चालू आहे तिथे मागू नका, तिथे नुसतं भेटायला जा.

कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही, जमेल का?

४५ किलोमीटर जमतील, डिसेंबरच्या सुरुवातीला लागलात तर. आठवड्यातून तीन दिवस, दोन छोटे आणि रविवारी एक मोठा. पहिल्या रविवारी १० किलोमीटर, मग दर रविवारी थोडे थोडे वाढवत जानेवारीच्या शेवटी ३५ पर्यंत या, तेवढं झालं की ४५ होतातच. उत्तरायणच्या आठवड्यात रस्त्यावर सायकल काढू नका. वेगाचं विसरून जा, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय एवढ्याच स्पीडने चालवा. १०० वाल्यांनी निदान दोनदा ७० केलेले असले पाहिजेत, नाहीतर परतताना हालोल रोडवर डोक्यावर ऊन येतं आणि माणूस रडकुंडीला येतो.

कोणती सायकल पाहिजे?

आहे ती. गिअरची असली तर बरं, नसली तरी आजव्यापर्यंत रस्ता सपाटच आहे. भारी सायकल घेण्यापेक्षा आहे तिची सीट नीट करा, नव्वद टक्के लोकांची सीट खाली असते आणि मग गुडघे दुखतात. भिंतीला धरून सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना टाचेऐवजी पंजा पेडलवर येतो तेव्हा गुडघा जेवढा वाकायला पाहिजे तेवढाच वाकतो. पुढे-मागे लाइट लागणारच, निघतो तेव्हा अंधार असतो, सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. स्वतःच्या टायरच्या मापाची एक ट्यूब बरोबर ठेवा, टेम्पोत सगळ्यांच्या मापाच्या नसतात. पॅडवाली शॉर्ट्स घेतली तर आतून दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. बायकांनी ओढणी, साडीचा पदर, सैल सलवार टाळा, चेनमध्ये जाते.

खायचं काय?

आदल्या रात्री साधं, वरण-भात, भाकरी, जे पोटाला सवयीचं आहे ते. सकाळी केळं नाहीतर दोन टोस्ट. वाटेत दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागायची वाट बघू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत घातलं तर खारट होतं आणि उलटी होते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोसबद्दल आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. सेव-उसळ परत आल्यावर, सगळे मिळून, आधी नाही.

माझी ट्रीटमेंट झालीय / चालू आहे, मी येऊ का?

तुम्ही आलात तर आम्हाला फार आनंद होईल, पण तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे, फॅमिली डॉक्टरांनी नाही. किमो चालू असेल तर हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी किती आहेत ते बघावं लागतं, कॅन्सर हाडांपर्यंत गेला असेल तर पडण्याची रिस्क घेऊ नये. ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हँडलवर सतत भार दिल्याने हात सुजू शकतो, सूज रोखणारी घट्ट स्लीव्ह हाताला घालायची का ते डॉक्टरांना विचारा, हँडल थोडं वर घ्या, मध्ये मध्ये हात मोकळा करा. तोंडाचं ऑपरेशन झालेल्यांना पाणी पटकन गिळता येत नाही, तुमच्यासाठी थांबे जास्त ठेवू, आधी सांगा फक्त. आणि काही न करता गेटवर खुर्चीवर बसायचं असेल तर खुर्ची आहे.

मी तंबाखू खातो, आलो तर कोणी बोलणार तर नाही ना?

कोणी एक शब्द बोलणार नाही. आपल्या देशात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर तोंडाचा आहे, गुजरातमध्ये २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी पान-गल्ल्यावर, म्हणजे पानाच्या टपरीवर, काय मिळतं ते आपण बघतोच. फक्त एक करा, आत्ताच, हे वाचताना. तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत घालून बघा. काकांची दोनच जात होती, कित्येक वर्षं, आणि ते म्हणायचे माझं तोंडच लहान आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही होते. तीन बोटं जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर राइडची वाट न बघता दाखवून या. सोडायचं असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो.

मुलांना आणू का?

बारा वर्षांवरची, आई किंवा बाबा शेजारी सायकलवर असतील तर, आणि आजवा चोकडीपर्यंतच. त्यापुढे हायवेचं ट्रॅफिक लागतं.

रस्त्यावरचे नियम?

हेल्मेट नसेल तर निघता येणार नाही, यावर वाद नको. डावीकडून, एकामागे एक, कानात काही नाही. चोकडीवर पोलीस थांबवतील तेव्हा थांबायचं, ट्रकवाल्याशी भांडायचं नाही. रेस नाहीये, पहिला-दुसरा नंबर नाही, टेम्पो शेवटच्या माणसाच्या मागेच चालतो, तो माणूस येईपर्यंत आम्ही गेट सोडत नाही.

प्रॅक्टिसला कधी येऊ?

डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी सव्वासहाला, कमाटीबागेच्या गेटवर, चहाच्या गाडीपाशी. नाव नोंदवलेलं नसलं तरी या. काका पांढरी टोपी घालून तिथेच बाकावर बसलेले असतात, बोलणं थोडं अस्पष्ट येतं पण दोन मिनिटांत कळायला लागतं, हवेचा पंप त्यांच्याकडे आहे.